शिवणकामाचा ऑनलाइन कोर्स स्वतःच्या मूडलवर: काही महिन्यांच्या वापरानंतर

शिवणकामाच्या छोट्या व्यवसायाला ऑनलाइन कोर्सची जोड द्यायची तर दोन रस्ते आहेत. तयार प्लॅटफॉर्म घ्या, महिन्याचं भाडं भरा, व्हिडिओ चढवा आणि विक्री सुरू करा. नाहीतर मूडल हे कोर्स चालवायचं सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर बसवा, व्हिडिओ वेगळ्या स्ट्रीमिंग सेवेवर ठेवा आणि पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे घेणारी सेवा, जोडून घ्या. हे परीक्षण दुसऱ्या रस्त्याचं आहे. काही महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर मत एवढंच, की शिकणाऱ्याचं काम बघून त्यावर शेरा द्यायची तयारी असेल तर मूडल वसूल होतं. नुसते व्हिडिओ विकायचे असतील तर हा खटाटोप करू नये.

चेन कशी लावायची याचे व्हिडिओ फुकट ढिगानं मिळतात. माणूस पैसे मोजतो ते ‘माझीच चेन खाली का फुगते’ या प्रश्नाच्या उत्तरासाठी, आणि ते उत्तर त्याचं कापड पाहिल्याशिवाय देता येत नाही. त्यामुळे या कोर्समधला खरा माल तपासणी हा आहे, आणि प्रणाली निवडतानाही तिच्यात तपासणी किती सोयीची आहे हेच आधी बघावं. या बाबतीत मूडल उजवं ठरतं. २००२ साली मार्टिन डुगियामस यांनी त्याची पहिली आवृत्ती काढली ती शिक्षकांसाठी, आणि ते अजूनही जाणवतं. दुकानदारीच्या सोयी बेताच्या, पण असाइनमेंटचं पान मात्र भरगच्च. इतकं भरगच्च, की पहिल्यांदा उघडल्यावर कुठे काय आहे ते सापडायला वेळ लागतो.

एक असाइनमेंट जवळून बघू. धडा इनव्हिजिबल चेनचा, म्हणजे बाहेरून न दिसणाऱ्या चेनचा. कृती थोडक्यात अशी: चेन उघडून उलट्या बाजूनं कमी उष्णतेच्या इस्त्रीनं दात उभे करायचे (इस्त्री जास्त तापली तर नायलॉनचे दात वितळतात), शिवणीच्या दोन्ही कडांना फ्युजिंगची (इस्त्रीनं चिकटणाऱ्या अस्तराची) अरुंद पट्टी लावायची, ४ ते ५ मिमी लांबीच्या कच्च्या टिपेनं चेन जागेवर धरायची, मग शिवणयंत्राला इनव्हिजिबल चेनची फूट (कापड दाबून धरणारा भाग) बसवून २.५ मिमी टिपेनं दातांच्या अगदी लगत शिवायचं आणि चेनच्या खालच्या टोकाआधी २ ते ३ सेंमी थांबायचं. उरलेली शिवण साध्या चेन फुटीनं जोडायची. बहुतेक कामं बिघडतात ती या शेवटच्या जोडावर. चेनची टीप जिथे संपते तिथून खालची शिवण २ मिमी जरी बाजूला सरकली, तरी त्या जागी फुगवटा येतो. चेनचं शेपूट बाजूला न धरता शिवणीत अडकलं तरी तसाच फुगवटा येतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

म्हणून ‘फोटो पाठवा’ एवढंच लिहून चालत नाही. तीन फोटो मागावेत: चेन बंद करून बाहेरून, चेन उघडून आतून, आणि खालच्या टोकाचा जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून. निदान दुसऱ्या आणि तिसऱ्या फोटोत असतं. पहिला फोटो मागायचा तो शिकणाऱ्याच्या समाधानासाठी. मूडलमध्ये फाइलींची कमाल संख्या, आकार आणि प्रकार ठरवता येतात. इथे एक खोच आहे. आयफोन २०१७ पासून, म्हणजे आयओएस ११ पासून, फोटो हाइक (HEIC) प्रकारात साठवतो आणि तो बऱ्याच ब्राउझरांत उघडत नाही. फक्त जेपेग आणि पीएनजी स्वीकारायचं ठरवलं, तर पहिल्याच असाइनमेंटला लोक अडतात आणि त्यांतले काही परत फिरकत नाहीत. हाइकही स्वीकारावं, ते स्वतःच्या संगणकावर बदलून घ्यावं, आणि फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये ‘मोस्ट कंपॅटिबल’ कसं निवडायचं त्याचं चित्र पहिल्याच पानावर लावावं.

शेरे देण्यासाठी मूडलमधलं ‘मार्किंग गाइड’ वापरावं. त्यात प्रत्येक निकषाला गुण ठरवता येतात आणि वारंवार लागणारे शेरे साठवून ठेवता येतात. चेनच्या धड्याला चार निकष पुरतात: दातांपासून टिपेचं अंतर, दोन्ही बाजूंची आडवी शिवण जुळणं, खालचा जोड, रनरची (चेनच्या सरकत्या भागाची) सरक. साठवलेल्या शेऱ्यात आधी कारण आणि मग उपाय असावा. ‘रनर अडकतो, कारण टीप दातांवर चढली आहे. वरून चौथ्या सेंटिमीटरपाशी टीप उसवून ४ सेंमी पुन्हा शिवा.’ यातला सेंटिमीटरचा आकडा तेवढा दर वेळी बदलायचा. नुसतं ‘छान प्रयत्न’ लिहिलं तर शिकणाऱ्याला दिलेल्या पैशांचं काही मिळालं असं वाटत नाही, आणि ते बरोबरच आहे.

पुढचा धडा कधी उघडायचा, या सेटिंगकडे नीट लक्ष द्यावं. असाइनमेंट ‘सादर केल्यावर पूर्ण’ आणि ‘गुण मिळाल्यावर पूर्ण’ असे दोन वेगळे पर्याय आहेत. दुसरा निवडला आणि तपासणीला चार दिवस लागले, तर शिकणारा चार दिवस कुलपाबाहेर. तेवढ्यात त्याचा उत्साह मावळतो. पहिला निवडावा. फक्त जिथे आधीची चूक पुढच्या कामात जाते, उदाहरणार्थ मापावरून पॅटर्न काढल्यानंतर कापड कापताना, तिथे गुणांची अट ठेवावी. चुकलेल्या पॅटर्नवर कापड कापायला देण्यापेक्षा दोन दिवस थांबवलेलं बरं.

चित्रीकरणाबद्दल थोडं, कारण शिवणकामाचे प्रश्न वेगळे असतात. वरून खाली बघणारा कॅमेरा हवाच, पण त्याचा दांडा शिवणयंत्राच्या टेबलाला लावू नये. मशीन चाललं की चित्र थरथरतं आणि सुईजवळचं काही दिसत नाही. दांडा भिंतीला किंवा वेगळ्या स्टँडला लावावा. काळ्या कापडावर काळा दोरा दिसत नाही, पांढऱ्या कापडावर प्रकाश फाटतो. मध्यम राखाडी किंवा फिकट निळं कापड आणि ठसठशीत वेगळ्या रंगाचा दोरा घ्यावा. फोनचा फोकस आणि एक्स्पोजर लॉक करावं, नाहीतर हात आत-बाहेर झाला की चित्र दर वेळी धूसर होऊन परत येतं. दिव्यांची लुकलुक दिसत असेल तर वीज ५० हर्ट्झची आहे की ६० ते बघून शटर १/५० किंवा १/६० सेकंद ठेवावं.

फोनचं चित्रीकरण बहुधा बदलत्या फ्रेम-दराचं असतं, म्हणजे सेकंदाला किती चित्रं हे बदलत राहतं. लांब क्लिप एडिटरमध्ये टाकली की सुरुवातीला जुळलेला आवाज शेवटी मागे-पुढे होतो, आणि माणूस माइकला दोष देत बसतो. हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून फाइल आधी बदलून घ्यावी. पॅटर्नचं सॉफ्टवेअर दाखवायला ओबीएस हे स्क्रीन रेकॉर्ड करणारं सॉफ्टवेअर चांगलं आहे. त्यात एमकेव्ही प्रकारात रेकॉर्ड करून नंतर रिमक्स करावं, म्हणजे दर्जा न बदलता एमपी४ करून घ्यावं, कारण साधी एमपी४ रेकॉर्डिंग मध्येच बंद पडली तर फाइल उघडत नाही. एमकेव्हीत तोवरचं काम शाबूत राहतं.

मशीन चालू असताना बोलू नये. आधी कृती चित्रित करावी आणि निवेदन नंतर वेगळं करावं. माइक हनुवटीखाली साधारण एक वीत, आणि सर्वांत मोठा आवाज -१२ ते -६ डेसिबलच्या मध्ये. पंख्याची एकसुरी घरघर नंतर बरीच काढता येते, रिकाम्या खोलीचा घुमारा मात्र सहजी निघत नाही. सुदैवानं शिंप्याच्या खोलीत कापडाचे तागे असतातच, निवेदन त्यांच्यामध्ये बसून करावं.

धड्यांच्या लांबीबद्दल एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरच्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांवरचा २०१४ सालचा अभ्यास अनेकदा पुढे केला जातो. त्यात सहा मिनिटांच्या आतले व्हिडिओ लोक टिकून बघतात असं आढळलं. आकडा उपयोगी आहे, पण हस्तकामात छोट्या व्हिडिओचा मोठा फायदा दुरुस्तीचा. एका व्हिडिओत एकच कृती असेल तर ती चुकल्यावर किंवा जुनी झाल्यावर तेवढाच तुकडा पुन्हा काढता येतो. चाळीस मिनिटांच्या सलग धड्यात ‘फूट बदला’ हे एक वाक्य दुरुस्त करायचं म्हणजे कपडे, प्रकाश, कापड सगळं जुळवत बसावं लागतं.

व्हिडिओ स्वतःच्या सर्व्हरवर का ठेवू नयेत, याचा हिशोब सोपा आहे. सेकंदाला ५ मेगाबिटचा दहा मिनिटांचा व्हिडिओ ३७५ एमबी होतो. तीन तासांचा कोर्स सेकंदाला २ मेगाबिटनं पाहिला, तरी एका शिकणाऱ्यामागे सुमारे २.७ जीबी जातात, शंभरांमागे २७० जीबी. शेअर्ड होस्टिंगचा, म्हणजे अनेक साइटींनी वाटून घेतलेल्या सर्व्हरचा, इतक्यानं दम निघतो. शिवाय साध्या एमपी४ला इंटरनेटच्या वेगाप्रमाणे दर्जा बदलता येत नाही. स्ट्रीमिंग सेवा एकाच व्हिडिओच्या अनेक प्रती करते आणि हवी ती पुरवते. चोरीच्या भीतीनं महागडं कुलूप लावायच्या फंदात पडू नये. स्क्रीनसमोर दुसरा फोन धरणाऱ्याला कुठलंच कुलूप अडवत नाही, आणि तपासणी कुणाला कॉपी करता येत नाही.

उपशीर्षकांची फाइल मात्र हमखास रडवते. तिचे दोन प्रकार, एसआरटी आणि वेबव्हीटीटी. एसआरटीमध्ये वेळेच्या सेकंदांनंतर स्वल्पविराम असतो, वेबव्हीटीटीमध्ये टिंब, आणि वर ‘वेबव्हीटीटी’ हा शब्द रोमन लिपीत, पहिल्या ओळीत असावा लागतो. फक्त फाइलचं नाव बदलून भागत नाही. यूटीएफ-८ या अक्षर-संकेतात साठवली नाही तर देवनागरीच्या जागी चौकोन आणि चिन्हं उमटतात.

आता मूडलच्या न दिसणाऱ्या बाजूकडे. त्याचं क्रॉन नावाचं, सर्व्हरवर आपोआप होणारं काम दर मिनिटाला चालायला हवं. ते बंद पडलं तर साइट उघडते, लॉगिन होतं, सगळं ठीक दिसतं, पण सूचना जात नाहीत आणि वेळेवर व्हायच्या नोंदी अडकून राहतात. ‘शेरा आला का’ असं शिकणारे विचारायला लागले की आधी क्रॉन शेवटचं कधी चाललं ते बघावं. ते चालू असेल तर ईमेलकडे वळावं. डोमेनवर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या, मेल खरंच आपलीच आहे हे पटवणाऱ्या, तिन्ही नोंदी कराव्यात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूनं पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले आहेत. मोठ्या प्रमाणात (जीमेलच्या हिशोबात दिवसाला ५,००० किंवा जास्त) मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही सक्तीच्या आहेत, पण छोट्यांची मेलही नोंदींशिवाय स्पॅममध्ये जाते. फाइल चढत नसेल तर मूडलच्या मर्यादेइतकीच पीएचपीची (मूडल ज्या भाषेत लिहिलं आहे तिची) सर्व्हरवरची मर्यादाही तपासावी. दोन्हींतली लहान असेल ती लागू होते.

पैसे भरले पण कोर्स उघडला नाही, ही तक्रार सगळ्यात वाईट. गेटवे पैसे आल्याचा निरोप सर्व्हरला वेगळा पाठवतो. तो उशिरा येऊ शकतो, दोनदाही येऊ शकतो. पैसे भरणाऱ्याने ब्राउझर बंद केला तरी त्या निरोपावरून प्रवेश मिळेल अशी जोडणी हवी, आणि तोच निरोप पुन्हा आला तर नोंद दुहेरी होता कामा नये. विक्री सुरू करण्याआधी हे मुद्दाम ब्राउझर बंद करून तपासावं. पैसे परत देण्याची मुदत पहिल्या असाइनमेंटच्या शेऱ्याशी बांधावी. तोवर शिकणाऱ्याला आपली तपासणी कशी असते हे कळलेलं असतं, आणि नंतरचे वाद टळतात.

किंमत व्हिडिओच्या तासांवर ठरवणं हा या धंद्यातला रूढ वेडेपणा. किंमत ठरवावी ती तपासणीच्या मिनिटांवर. चार असाइनमेंट, प्रत्येकी १२ मिनिटं, म्हणजे एका माणसामागे ४८ मिनिटं. चाळीस जणांच्या तुकडीला ३२ तास. यात पुन्हा सादर केलेली कामं धरलेली नाहीत. हे तास नेहमीच्या ऑर्डरींमधून काढायचे आहेत, तेव्हा त्या तासांत शिवून जेवढं मिळालं असतं त्याच्या खाली किंमत गेली तर कोर्स व्यवसाय वाढवत नाही, खातो. म्हणून पहिली तुकडी आठ-दहा जणांचीच घ्यावी, खरोखर किती मिनिटं लागतात ते लिहून ठेवावं आणि मगच तुकडीचा आकार ठरवावा. घाईच्या हंगामात नवी तुकडी सुरू करू नये.

व्यवसायात भर पडते ती कोर्सच्या विक्रीपेक्षा त्याच्या आजूबाजूला. पॅटर्न मागितले जातात, नेमकी चेन आणि फ्युजिंग असलेलं साहित्याचं पाकीट मागितलं जातं, एकट्यासाठी तासभराचं मार्गदर्शन मागितलं जातं. काही जण दोन धड्यांतच ठरवतात की हे आपलं काम नव्हे, आणि कपडा शिवायलाच देतात. तोही धंदाच. पण कोर्स संपल्यावर या गोष्टी आपण समोर ठेवल्या तर हे होतं. मूडल आपणहून काही विकत नाही, कूपन आणि शिफारशीच्या सोयींसाठी प्लगिन (वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) शोधावं लागतं. प्लगिन कमी ठेवावेत. मूडलची आवृत्ती वाढवताना बहुतेक वेळा तेच आडवे येतात. रोज नवं काही नको असेल तर दीर्घ मुदतीच्या आधाराची आवृत्ती घ्यावी, सध्या ४.५ त्या प्रकारची आहे.

बॅकअपमध्ये डेटाबेस, मूडलडेटा हे फोल्डर आणि कोड असे तिन्ही लागतात. फक्त डेटाबेस घेतला तर परत उभ्या केलेल्या साइटवर शेरे असतात, पण ज्या फोटोंवर ते दिले ते नसतात. महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या जागी उघडून, एखाद्या जुन्या असाइनमेंटचा फोटो खरोखर दिसतो का ते बघावं.