बीबीसी रेडिओ ४ : सलग एक दिवस ऐकावा असा

ब्रिटनमधली ही वाहिनी गप्पांची, बातम्यांची, नाटकांची. गाणी जवळपास नाहीतच. ३० सप्टेंबर १९६७ रोजी जुन्या 'होम सर्व्हिस'च्या जागी ती सुरू झाली. बहुतेक जण यातला एखादाच कार्यक्रम पॉडकास्टसारखा उचलून ऐकतात. पण तिची खरी ओळख हवी असेल, तर सोमवार ते शुक्रवारमधला एखादा दिवस रेडिओ सकाळपासून लावून ठेवावा.

सकाळी ६ ते ९ 'टुडे' हा बातम्यांचा कार्यक्रम. तो १९५७ पासून चालू आहे. तीन तास ऐकणं जमणार नसेल तर आठच्या बातम्या आणि त्यानंतर साधारण ८ वाजून १० मिनिटांनी होणारी मुलाखत चुकवू नये. दिवसातला सगळ्यांत वजनदार राजकीय पाहुणा बहुधा तिथेच असतो. मात्र मंत्री उत्तर टाळतात आणि निवेदक तोच प्रश्न पुन्हा विचारतात, यात कधीकधी सगळी मुलाखत संपते आणि मूळ विषय कळतच नाही. त्याआधी, पावणेआठच्या सुमारास, 'थॉट फॉर द डे' हे तीनेक मिनिटांचं धर्मचिंतन येतं. बातम्यांच्या ऐन गर्दीत ते ठेवण्याचा निर्णय धाडसी आहे, आणि माझ्या मते योग्यही.

तासाच्या ठोक्याला सहा 'पिप्', म्हणजे वेळ सांगणारे छोटे बीप, वाजतात. १९२४ पासूनची ही प्रथा. पहिले पाच आखूड, सहावा लांब, आणि सहावा जिथे सुरू होतो तो अचूक तास. घड्याळ लावायचं असेल तर एफएमवरच लावा. डिजिटल रेडिओवर आवाज काही सेकंद उशिरा पोचतो आणि इंटरनेटवर त्याहूनही उशिरा, त्यामुळे तिथले पिप् घड्याळासाठी निरुपयोगी. संध्याकाळी ६ ला आणि मध्यरात्री पिप् नसतात, बिग बेनचे टोल असतात.

नऊनंतर वार पाहावा. गुरुवारी 'इन अवर टाइम' : एक विषय आणि त्यावर बोलणारे तीन अभ्यासक. १९९८ पासून २०२५ पर्यंत मेल्विन ब्रॅग यांनी तो चालवला. पाहुणे विद्यापीठातले, पण बोलणं ऐकणाऱ्याला सोबत घेऊन जाणारं. दहाला 'वुमन्स अवर', १९४६ पासूनचा. आपल्याकडचं 'वनिता मंडळ' ज्यांनी ऐकलंय त्यांना नातं लगेच ओळखू येईल. फक्त इथे आरोग्य, कायदा आणि राजकारण यांवरचे प्रश्न जास्त थेट असतात. दुपारी एकला 'वर्ल्ड ॲट वन' हा बातम्यांचा कार्यक्रम. शुक्रवारी तीनला बागकामाच्या शंकांचा कार्यक्रम, १९४७ पासून : गावोगावच्या सभागृहात श्रोते विचारतात आणि जाणकार तिथल्या तिथे उत्तर देतात.

संध्याकाळी ७ च्या बातम्यांनंतर 'द आर्चर्स'. १ जानेवारी १९५१ पासून देशभर चालू असलेली, अँब्रिज नावाच्या काल्पनिक खेड्यातली मालिका. युद्धानंतर रेशनिंग होतं, उत्पादन वाढायला हवं होतं. म्हणून शेतीची माहिती गोष्टीतून शेतकऱ्यांपर्यंत न्यायची, हा मूळ हेतू. 'माझं घर, माझं शिवार' ऐकलेल्यांना ही युक्ती समजावून सांगावी लागणार नाही. भाग जेमतेम तेरा मिनिटांचा. पात्रं खूप आहेत, त्यामुळे पहिल्या आठवड्यात गोंधळ उडतो. चुकलेला भाग दुसऱ्या दिवशी दुपारी २ च्या बातम्यांनंतर पुन्हा लागतो. 'द आर्चर्स'च्या आधी, संध्याकाळी साडेसहाला, विनोदी कार्यक्रम असतो. त्याचा दर्जा फार वरखाली होतो.

आणि मग रात्री १२ वाजून ४८ मिनिटांनी समुद्राचं हवामान, म्हणजे 'शिपिंग फोरकास्ट'. आधी 'सेलिंग बाय' ही संथ धून. मग ब्रिटनभोवतालचे ३१ सागरी विभाग ठरलेल्या क्रमाने : वायकिंगपासून सुरुवात, साधारण घड्याळाच्या काट्यांप्रमाणे बेटांना वळसा आणि शेवटी आग्नेय आइसलँड. ट्रफाल्गर हा विभाग फक्त याच वेळी वाचतात. एरवी तिथे वादळाचा इशारा असेल तरच.

ऐकणाऱ्याला ही कविता वाटते, पण प्रत्येक शब्दाला माप आहे. क्रम कायम : वारा, लाटा, पाऊसपाणी, दृश्यमानता. 'साउथवेस्ट ५ टू ७' म्हणजे नैर्ऋत्येकडून येणारा वारा, तिकडे जाणारा नव्हे. नवख्यांची चूक इथेच होते. आकडे बोफर्ट मापाचे, म्हणजे वाऱ्याचा जोर सांगणारे. ८ म्हणजे ३४ ते ४० नॉट (ताशी सागरी मैल). 'व्हीअरिंग' म्हणजे वारा घड्याळाच्या दिशेने फिरतोय, 'बॅकिंग' म्हणजे उलट. वादळाच्या इशाऱ्यात 'इमिनंट' म्हणजे सहा तासांच्या आत, 'सून' म्हणजे सहा ते बारा, 'लेटर' म्हणजे बारा तासांनंतर. 'रफ' म्हणजे अडीच ते चार मीटरच्या लाटा. शेवटी नुसतं 'गुड' आलं तर पाच सागरी मैलांपेक्षा लांबचं दिसतंय. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की होड्या का निघत नाहीत, हे ठाऊक असलेल्या कोकणातल्या माणसाला या कोरड्या शब्दांमागचा समुद्र दिसेल.

निवेदक सावकाश वाचतात, कारण हे हाताने लिहून घेणारा कुणीतरी बोटीत असू शकतो. एवढ्यासाठी तरी ही वेळ गाठावी. त्यानंतर राष्ट्रगीत होतं आणि एक वाजता वाहिनी वर्ल्ड सर्व्हिसकडे, म्हणजे बीबीसीच्या जगभरासाठीच्या सेवेकडे जाते.

भारतातून ऐकायचं तर बीबीसीचं संकेतस्थळ किंवा ॲप वापरा. हिवाळ्यात ब्रिटन आपल्या साडेपाच तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेचार. म्हणजे 'टुडे' हिवाळ्यात आपल्याकडे साडेअकराला लागतं, आणि समुद्राचं हवामान सकाळी ६ वाजून १८ मिनिटांनी.