घरभाड्याची मदत: भाडेकरूच्या खात्यात की थेट घरमालकाला?

इंग्लंडमध्ये युनिव्हर्सल क्रेडिटमधला (कमी उत्पन्नाच्या लोकांना सरकारकडून मिळणारी मासिक मदत) घरभाड्याचा भाग एरवी भाडेकरूच्याच खात्यात येतो. भाडं त्यानं स्वतः भरायचं. अडचण तारखांची. पहिला हप्ता हातात पडायला साधारण पाच आठवडे लागतात, तोवर भाडं थकलेलं असतं. भाडं आठवड्याचं असेल तर मदतीचा हिशेब ५२ ने गुणून १२ ने भागून होतो: १५० पौंडांचे महिन्याला ६५०. पाच सोमवारांच्या महिन्यात मात्र मालक ७५० मागतो. शिवाय खातं ओव्हरड्राफ्टमध्ये असेल, तर आलेली रक्कम आधी तो खड्डा भरण्यात जाते.

थेट मालकाला पैसे हवे असतील, तर दोन महिन्यांएवढं भाडं थकल्यावर खाजगी मालक ऑनलाइन अर्ज करू शकतो. सोबत भाडेकरार आणि थकबाकीचा तारीखवार तक्ता जोडावा. नुसता बेरजेचा आकडा पुरत नाही, अर्ज अडकतो तो इथेच. स्कॉटलंडमध्ये थकबाकीची वाट बघावी लागत नाही, भाडेकरू स्वतःच हा पर्याय निवडू शकतो. (हे जास्त शहाणपणाचं वाटतं.)

पण थेट म्हणजे पूर्ण भाडं नव्हे. भाडं ८०० आणि त्या भागातली मदतीची कमाल मर्यादा ७०० असेल, तर वरचे १०० भाडेकरूकडूनच घ्यायचे. त्याची कमाई वाढून एकूण मदत घटली, तर मालकाचा हप्ताही आटू शकतो. भाडेकरू घर सोडून गेल्यावरही पैसे येत राहिले, तर ते परत मागितले जातात, तेही मालकाकडून.

थकबाकी सुरू झालेली असेल, तर थेट पद्धतच बरी.