स्पीकर घ्यायला जाताना सोबत काय न्यावं? सहा ध्वनिमुद्रणं समोरासमोर

स्पीकरची जोडी घ्यायची ठरली की आपण महिनाभर वॅट, ओहम आणि किमती ताडून बघतो, आणि दुकानात मात्र विक्रेता जे लावेल ते ऐकून निर्णय घेतो. माझंही पहिल्या वेळी तसंच झालं. दुकानात ईगल्स या अमेरिकी रॉक बँडचं 'हॉटेल कॅलिफोर्निया' लागलं, ढोलाच्या पहिल्या ठोक्याला छाती दणाणली आणि तासाभरात पैसे देऊन झाले. घरी येऊन अब्दुल करीम खाँसाहेबांची 'जमुना के तीर' लावली, तर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. स्पीकरची जागा बदलून पाहिली, तारा बदलून पाहिल्या, उपयोग झाला नाही. वर्षभरात ती जोडी विकली. तेव्हापासून दुकानात काय ऐकायचं ते मी घरूनच ठरवून नेतो.

तुम्ही आज त्याच टप्प्यावर असाल तर माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. काही ध्वनिमुद्रणं इतकी देखणी असतात की ती कुठल्याही स्पीकरवर छानच वाजतात. ऐकायला आनंद होतो, पण दोन स्पीकरांत डावं-उजवं काय ते त्यांच्यावरून कळत नाही. काही मुद्रणं मात्र स्पीकरला लपायला जागाच ठेवत नाहीत. निवड करताना दुसऱ्या प्रकारची जवळ हवीत.

दणका की खर्ज

'हॉटेल कॅलिफोर्निया'चं जे रूप दुकानांत वाजतं ते १९९४ च्या 'हेल फ्रीझेस ओव्हर' या अल्बममधलं. १९८० मध्ये फुटलेला बँड चौदा वर्षांनी एकत्र आला आणि कॅलिफोर्नियातल्या बरबँकच्या स्टुडिओत श्रोत्यांसमोर वाजला. सुरुवातीला नुसती गिटार, मग तालवाद्यं आणि पोटात उतरणारा तो ठोका. ध्वनिमुद्रण अव्वल आहे यात वाद नाही. पण तो ठोका एकटाच येतो, भोवती मोकळी जागा असते, आणि खालचा आवाज थोडा फुगवणारा स्पीकर इथे उलट जास्त गुण मिळवतो. या मुद्रणातून मी एकच गोष्ट तपासतो: गाणं ओळखल्यावर श्रोत्यांतून टाळ्या येतात, त्या माणसांच्या तळव्यांच्या वाटतात की पत्र्यावर पडणाऱ्या पावसासारख्या. पाऊस ऐकू आला तर वरचे स्वर खरखरीत आहेत.

त्याच्यासमोर ठेवा जॅझचा ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस याच्या 'काइंड ऑफ ब्लू'मधलं पहिलं वादन, 'सो व्हॉट'. २ मार्च १९५९, न्यूयॉर्कमधला कोलंबिया कंपनीचा थर्टिएथ स्ट्रीट स्टुडिओ. मुळात हे चर्च होतं, छत सुमारे १०० फूट उंच. मुद्रण तीन ट्रॅकच्या टेपवर झालं. इथे दणका शून्य आहे. पॉल चेंबर्सचा डबल बेस पियानोच्या सोबतीनं चाचपडत येतो आणि मग मुख्य धून तोच वाजवतो. डबल बेसची सगळ्यात खालची तार सुमारे ४१ हर्ट्झला बोलते. चांगल्या स्पीकरवर प्रत्येक स्वर वेगळा, सारख्या वजनाचा आणि बोटानं तार सोडल्याचा 'टक्' घेऊन येतो. फुगऱ्या स्पीकरवर दोन-तीन स्वर गरजतात आणि बाकीचे गायब होतात. 'हॉटेल कॅलिफोर्निया'त जो स्पीकर जिंकला, तो इथे हरताना मी दोनदा पाहिला आहे.

पुढे माइल्सचं एकलवादन सुरू होताना ड्रमवादक जिमी कॉब झांजेवर एक आघात करतो. त्याची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, किती वेळ ऐकू येते ते पाहा. मी डोळे मिटून, ती पूर्ण विरेपर्यंत श्वास धरून ऐकतो. सुमार ट्वीटरवर (वरचे स्वर वाजवणारा छोटा पडदा) 'छिस्' होतं आणि संपतं; चांगल्यावर पितळेचा पत्रा थरथरत विझत जातो.

एक काळजी घ्या. त्या दिवशी मुख्य टेपयंत्र किंचित हळू चाललं होतं, म्हणून रेकॉर्डच्या पहिल्या बाजूची तिन्ही वादनं कित्येक दशकं मूळ स्वरापेक्षा थोडी चढी वाजत राहिली. १९९० च्या दशकात दुसऱ्या यंत्रावरची टेप वापरून हे दुरुस्त झालं. त्यामुळे एका दुकानात जुनी आवृत्ती आणि दुसऱ्या दुकानात नवी, असं ऐकून स्पीकरची तुलना करू नका. फाइल आपली, सगळीकडे तीच.

खर्जाबद्दल आणखी एक. १२ फूट लांबीच्या खोलीत भिंतींमुळे साधारण ४७ हर्ट्झच्या आसपासचा आवाज आपोआप फुगतो. आपल्याकडच्या फ्लॅटची बैठकीची खोली बहुधा एवढीच. दुकानातल्या मोठ्या दालनात जो खर्ज 'जरा कमी' वाटतो, तो घरी पुरेसा होतो.

नदी की दरी

आता माझ्या आवडीची जोडी. दोन्हींत सरकत्या गिटारीचा (तारांवर कांडी सरकवून वाजवतात ती) हिंदुस्थानी आवाज आहे, दोन्ही ध्वनी-रसिकांच्या घरात हमखास सापडतात, आणि मुद्रणाची रीत मात्र अगदी उलट.

'कॉल ऑफ द व्हॅली' १९६७ ची. शिवकुमार शर्मांचा संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार, तबल्यावर माणिकराव पोपटकर. एचएमव्हीत ती घडवून आणली ती आपल्या भावगीतांच्या जी. एन. जोशींनी. मराठी घरांत पहाटे अहिर भैरव या रेकॉर्डमुळे पोहोचला असं म्हटलं तर वावगं होणार नाही. वाद्यं जवळून टिपलेली आहेत, प्रत्येकाला आपापली जागा दिलेली आहे. संतूरच्या कलमांचा आघात टोकदार असतो. स्पीकर कर्कश असेल तर पाच मिनिटांत कान शिणतात. या तपासणीला ही रेकॉर्ड उत्तम. पण वाद्यं कुठल्या खोलीत वाजताहेत हे ती सांगत नाही.

'अ मीटिंग बाय द रिव्हर' ते सांगते. सप्टेंबर १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथे, एका जुन्या धर्मशिक्षणसंस्थेच्या प्रार्थनागृहात, विश्वमोहन भट्ट मोहनवीणा (त्यांनी हिंदुस्थानी संगीतासाठी बदलून घेतलेली सरकती गिटार) घेऊन आणि अमेरिकी गिटारवादक राय कूडर आपली गिटार घेऊन समोरासमोर बसले. भेट होऊन तासही झाला नव्हता. तबल्यावर सुखविंदर सिंग नामधारी, आणि दुंबेक या अरबी तालवाद्यावर कूडरचा किशोरवयीन मुलगा जोआकिम. वॉटर लिली अकूस्टिक्स या रेकॉर्ड कंपनीच्या कविचंद्रन अलेक्झांडर यांनी दोनच मायक्रोफोनांची जोडी लावली. ॲलन ब्लुमलाइन यांनी १९३१ मध्ये मांडलेली ही रीत: समोरून आणि मागून सारखं ऐकणारे दोन मायक्रोफोन, एकमेकांशी काटकोनात. आवाज थेट दोन ट्रॅकच्या टेपवर. नंतर तबला थोडा वर घेऊ, वीणा जरा उजवीकडे सरकवू, अशी सोयच नाही. १९९४ मध्ये या अल्बमला ग्रॅमी मिळालं.

एवढ्या साधेपणामुळे हे मुद्रण परीक्षक म्हणून निर्दय आहे. मोहनवीणेला तरफेच्या १२ तारा असतात. भट्ट मुख्य तारेवर मींड घेऊन थांबतात तेव्हा या तारा आपोआप झंकारतात, आणि तो झंकार प्रार्थनागृहाच्या भिंतींवर जाऊन परत येतो. चांगल्या स्पीकरवर या तीन गोष्टी तीन अंतरांवर ऐकू येतात: तार इथे, तरफ तिच्या मागे, भिंत त्याहून मागे. सामान्य स्पीकरवर तिन्ही एकाच पडद्यावर चिकटतात. डग्ग्याकडेही लक्ष द्या. मनगटाचा घिस्सा दिल्यावर घुमारा वर चढतो, त्या चढाला मध्ये खड्डा पडता कामा नये.

असाच खड्डा आणखी एका जागी पडू शकतो, वूफर (खालचे स्वर वाजवणारा मोठा पडदा) आणि ट्वीटर यांच्या सांध्यात. बहुतेक दोन-पडदी स्पीकरांत साधारण २ ते ३ हजार हर्ट्झच्या आसपास काम वूफरकडून ट्वीटरकडे जातं. मानवी आवाजाची आणि तंतुवाद्यांची सगळी धार नेमकी या सांध्याच्या आसपास असते. डग्ग्याचा घुमारा याच्या खूप खाली असल्यानं तो एकट्या वूफरची आणि स्पीकरच्या लाकडी खोक्याची परीक्षा घेतो. सांध्याची परीक्षा घ्यायची तर तंबोऱ्यासारखं वाद्य नाही.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत मी एकदा जवारी (तारेचा झंकार खुलवण्यासाठी घोडीची केलेली घासणी) लावताना पाहिली. कारागिरानं घोडीवर कानस अलगद फिरवली, तार छेडली, मान हलवली, पुन्हा फिरवली. मग तारेखाली सुताचा धागा घातला आणि केसभर पुढे सरकवला. त्या केसभरात बंद आवाज उघडला आणि तारेतून स्वरांचा झुबका बाहेर आला. (मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.) तंबोऱ्याच्या एका तारेत खालच्या नादापासून वरच्या झिणझिणीपर्यंत सगळं एका जिवात असतं. म्हणून कुठल्याही ख्यालाच्या मुद्रणात गायक पहिला षड्ज लावण्याआधीचा अर्धा मिनिट नीट ऐका. स्पीकरचा सांधा जमला नसेल तर झिणझिण वरून वेगळी येते आणि नाद खालून वेगळा. दोन वाद्यं वाजल्यासारखी वाटतात.

गर्दी

आपल्या घरात रोज वाजणार ते चित्रपटसंगीत, त्यामुळे एक भरगच्च मुद्रण हवंच. मी 'सैराट' (२०१६) नेतो. अजय-अतुल यांनी यातला वाद्यवृंद अमेरिकेत सोनी स्कोअरिंग स्टेजवर मुद्रित केला. 'याड लागलं'मध्ये व्हायोलिनांचा ताफा मागे आणि गायकाचा आवाज पुढे, ही दोन पातळ्यांची गंमत मोठ्या आवाजातही टिकते का ते पाहा. 'झिंगाट' लावून आवाज वाढवत न्या. ज्या क्षणी शब्द कळेनासे होतात ती त्या स्पीकरची मर्यादा. आजच्या चित्रपटसंगीताप्रमाणे इथे हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर कमी ठेवलेलं आहे, म्हणून बारकावे शोधायला हे मुद्रण वापरू नका.

मधोमध उभा आवाज

आणि शेवटी तेच खाँसाहेब. १९३० च्या दशकातली ७८ फेऱ्यांची तबकडी, तीन मिनिटांची भैरवी, मोनो (दोन्ही स्पीकरांतून एकच आवाज), वर खरखर. हायफायच्या यादीत हिला कोणी घेणार नाही, पण मी हिच्यावाचून दुकानात जात नाही. मोनो मुद्रण दोन स्पीकरांवर वाजलं की आवाज बरोबर मधोमध, हातभर जागेत उभा राहायला हवा. तो पसरला किंवा एका बाजूला कलला तर जोडीतले दोन स्पीकर सारखे नाहीत, नाहीतर एकाच्या तारा उलट जोडल्या आहेत. दुसरं, चांगल्या स्पीकरवर खरखर गळ्यापासून सुटी होते. ती वर राहते, आणि खाली तो नाजूक, किंचित नाकातला, अत्यंत सुरेल स्वर मोकळा होतो. वाईट स्पीकरवर दोन्हींचा लगदा. 'लग जा गले' (१९६४) सारखं मोनो गाणंही चालेल, पण त्यात वाद्यांचा आधार आहे. इथे जवळजवळ सगळं ओझं गळ्यावर.

मग न्यावं काय?

दोन स्पीकरांचा आवाज आधी सारखा करून घ्या, फोनमधलं आवाज मोजणारं ॲप एवढ्यापुरतं पुरतं. एखादा डेसिबल जास्त असलेला स्पीकर कानाला नेहमीच सरस वाटतो, आणि हे न केल्यामुळे होणाऱ्या चुका इतर सगळ्या चुकांहून जास्त.

अर्धाच तास मिळणार असेल तर 'अ मीटिंग बाय द रिव्हर'चं शीर्षकवादन आणि एक मोनो गाणं, बस. जागेचा, तंतूंचा, तबल्याचा आणि मधल्या आवाजाचा निकाल या दोहोंत लागतो. तासभर असेल तर 'सो व्हॉट' जोडा. घरी मुख्यतः चित्रपटगीतं आणि सिनेमे चालणार असतील तर 'सो व्हॉट'ऐवजी 'सैराट'. 'कॉल ऑफ द व्हॅली' अशा स्पीकरसाठी राखून ठेवा ज्याचा वरचा आवाज तुम्हाला 'झकास, लख्ख' वाटला आहे. अहिर भैरव पूर्ण ऐका आणि कान शिणले का ते स्वतःला विचारा. 'हॉटेल कॅलिफोर्निया' विक्रेता लावेलच.

ज्या जोडीवर मन बसेल तिच्यावर निघण्याआधी खाँसाहेब पुन्हा एकदा लावा, या वेळी अगदी हळू, रात्री घरचे झोपल्यावर लावाल तेवढ्या आवाजात. माझ्या आत्ताच्या स्पीकरवर त्या आवाजातही 'जमुना'मधला 'ना' नाकात गुंजल्यानंतर कुठे विरतो ते कळतं. त्या दिवशी मी दुसरं काही ऐकलं नाही.