गिंपवर लग्नाचा जुना अल्बम: सात महिने वापरल्यानंतर

आईबाबांच्या १९८३ च्या लग्नाचा अल्बम पार विटकरी झाला होता. एका स्टुडिओवाल्याने फोटोमागे ३०० रुपये सांगितले आणि नमुन्याला एक करून दिला, त्यात आईला इतकी गोरी नि गुळगुळीत केली की आईच म्हणाली, "ही कोण बाई?" ५२ फोटो गुणिले ३०० म्हणजे १५,६०० रुपये, तेवढे मोजून परक्या बाईचा अल्बम कशाला घ्यायचा, म्हणून कॉम्प्युटरवर गिंप हे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर टाकलं. फुकट आहे.

पहिला महिना नुसतं ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगाची झाक आपोआप काढणारं बटण, दाबण्यात गेला. काही फोटोंत लाली झटक्यात जाते, पण हळदीचा फोटो मुळातच पिवळा, त्या बटणाला तोच दोष वाटतो आणि हळदच पुसली जाते!

मग लेव्हल्समधला ड्रॉपर घेतला, तो जिथे टेकवाल ती जागा पांढरी धरून बाकीचे रंग बदलतो. पांढऱ्यासाठी बाबांच्या टोपीवर टेकवला तर सगळे निळे पडले, झूम करून बघतो तर टोपीला कुणाचं तरी हळदीचं बोट लागलेलं. फोटोची पांढरी कड बरी, ती कोऱ्या कागदाचीच असते, त्यामुळे तिथे टेकवलं की कागदाचा पिवळेपणा निघतो. तरी केस मेंदी लावल्यासारखे लालच. कारण त्या काळच्या बऱ्याच कागदांवर निळसर म्हणजे सायन रंग सगळ्यात आधी उडतो, अल्बम कपाटात अंधारात असला तरी, आणि तो गेला की लाली उरते. म्हणून कर्व्ह्जमध्ये, म्हणजे उजेड-अंधार बदलायच्या वक्ररेषेत, फक्त लाल रंगाचा चॅनल निवडून रेषेचं गडद टोक उजवीकडे ओढायचं, जोवर केस काळे दिसत नाहीत. खूण म्हणून मी नवरीचा चुडा धरतो. सायन गेल्यावर हिरव्या बांगड्या मातकट दिसतात, त्या हिरव्या झाल्या की समजायचं जमलं.

आता माझं खरं दुखणं. सेव्ह करायला कंट्रोल एस दाबलं की गिंप एक्ससीएफ नावाची स्वतःची फाइल करतं! जेपीजी हवी तर एक्सपोर्ट, त्याचं बटण वेगळं, आणि एक्सपोर्ट करून बंद करायला जावं तर वर विचारतं बदल सेव्ह केले नाहीत, काय करू. मी मावशीला नऊ फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले, तिचा फोन आला, "अरे बाळा, काहीच उघडत नाही." सगळ्या एक्ससीएफ. सात महिने झाले, अजून बोट कंट्रोल एसवरच जातं. यासाठी मी दोन स्टार कापणार होतो.

पण मधे गिंपचं जुनं २.१० व्हर्जन काढून ३.० टाकलं आणि मत बदललं. आधी कर्व्ह एकदा लावला की पक्का, आता तो लेयरवर, म्हणजे फोटोच्या थरावर, वेगळा फिल्टर म्हणून राहतो, चार दिवसांनी उघडून पुन्हा हलवता येतो. आणि हे सगळं त्या एक्ससीएफमध्येच टिकतं, जेपीजीत नाही. म्हणजे शहाणपण त्यांचं होतं, वैताग माझा. एकच स्टार कापतो, तोही मावशीसाठी.

स्कॅन मात्र ४८ बिट टिफमध्ये, म्हणजे रंगांच्या जास्त छटा धरणाऱ्या फाइलमध्ये करा, जुन्या फोटोचा मोबाइलने फोटो काढून त्याचे रंग असे ओढले की रंगांचे पट्टे पडतात.

५१ झाले. राहिला तो हॉलमध्ये उन्हात टांगलेला मोठा फोटो. त्यात बाबांच्या चेहऱ्यावर रंगच उरलेला नाही, कितीही कर्व्ह ओढा, नुसते ठिपके येतात. तो तसाच पुन्हा खिळ्याला लावला, फक्त आता खिळा उन्हापासून लांब, फ्रिजच्या वर आहे.