‘मास्तरनी गाडी’ आणि एबीएसचं स्टिकर

पारोळा, अमळनेर, एरंडोल भागातून रोज धुळ्याला नाहीतर जळगावला कामाला जाणारी आणि त्यासाठी जुनी दीडशे सीसी गाडी शोधणारी पोरं भरपूर आहेत. हे त्यांच्यासाठी लिहितोय. मला गाडी विकणारा एजंट अजून धंद्यात आहे. त्याचं नाव, गाव देत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगात आहे. पण त्याने जे केलं ते करणारा तो एकटा नाही, आणि पद्धत सगळ्यांची जवळपास सारखीच असते.

मला अवधान एमआयडीसीत काम लागलं. पारोळ्याहून धुळे पस्तीसेक किलोमीटर, तिथून अवधान शहराच्या दुसऱ्या टोकाला. दिवसपाळीला एसटीने भागतं, रात्रपाळी सुटल्यावर मात्र स्टँडवर नुसतं बसून राहायचं. धुळ्याकडे जाणारा तरसोद-फागणे रस्ता चौपदरी झाल्यापासून अंतर काही वाटत नाही, गाडी मात्र हवी. बजेट पन्नास हजार, कर्ज काढायचं नाही असं घरी ठरलेलं.

ज्याला विचारावं तो एकच सांगायचा, हायवेला दीडशेच घे, शंभरची गाडी ट्रकच्या हवेने उडते. यात निम्मं खरं आहे. शंभर सीसीची स्प्लेंडरसारखी गाडी आठ हॉर्सपॉवरच्या आसपास असते. साठपर्यंत ती आनंदाने पळते, सत्तरच्या पुढे इंजिन ओरडायला लागतं, आणि कापसाचा ट्रक ओलांडताना हाताशी ताकद उरत नाही. सव्वाशे म्हणजे शाईन वगैरे, दहा-अकरा हॉर्सपॉवर, पासष्ट-सत्तरला निवांत. दीडशेची पल्सर किंवा युनिकॉर्न तेरा-चौदाच्या घरात, ती ऐंशीला धापा टाकत नाही. पण चौपदरी हायवेवर दुचाकीला वेगाची कायदेशीर मर्यादाच ८० ची आहे. म्हणजे रोजच्या पस्तीस-चाळीस किलोमीटरला धडधाकट सव्वाशे पुरते. पन्नास हजारांत धडधाकट दीडशे फार क्वचित मिळते, सव्वाशे मिळू शकते. एजंट लोकांना हे आपल्यापेक्षा जास्त कळतं. पोरगा ‘दीडशेच’ म्हणत दारात आला की तो बाकी काही बघणार नाही, हे त्यांनी ओळखलेलं असतं.

गाडी बघायला गेलो तेव्हा ती उन्हात उभी होती, पुसलेली, टाकीवर पॉलिश. एजंट अहिराणीत म्हणाला, “मास्तरनी (मास्तरची) गाडी शे (आहे) भाऊ. घर ते शाळा, शाळा ते घर. अठरा हजार चालेल शे फक्त.” मीटरवर खरोखर अठरा हजार काही किलोमीटर होते. बटण दाबताच सुरू झाली. आवाज मऊ, धूर नाही. इंजिनला हात लावला तर चटका बसला. मी म्हटलं, गरम आहे. तो म्हणाला, “मे महिना शे भाऊ, दगडबी गरम शे.” खानदेशातल्या मे महिन्यात या उत्तराला कोण काय बोलणार!

पण उन्हात तापलेलं इंजिन आणि चालवून तापवलेलं इंजिन यांत फरक असतो, आणि तो सायलेन्सरच्या बेंड पाइपाजवळ हात नेला की कळतो. उन्हात टाकी, सीट आणि इंजिन साधारण सारखंच तापतं. चालवलेल्या गाडीचा बेंड पाइप बाकी सगळ्यापेक्षा कितीतरी जास्त तापलेला असतो. गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी फिरवून आणण्याचं कारण साधं आहे. पिस्टन आणि तो ज्यात वरखाली होतो ते बोअर झिजले असतील तर गार इंजिनात पिस्टन खटखट वाजतो, गरम झाल्यावर फुगून बसतो आणि आवाज दबतो. व्हॉल्व्हचे सील गेले असतील तर रात्रभर झिरपलेलं ऑइल पहिल्या स्टार्टला निळा धूर होऊन बाहेर पडतं. तेही आपण पोचेपर्यंत होऊन गेलेलं असतं. वर इंजिनात नेहमीच्यापेक्षा जाड ऑइल आणि घट्टपणा आणणारं औषध ओतलं की दोन-चार किलोमीटरच्या ट्रायलमध्ये काही समजत नाही.

आता एबीएसचं, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं. तो म्हणाला होता, “२०१९ नं मॉडेल शे, एबीएसवाली.” पुढच्या मडगार्डवर एबीएसचं स्टिकर होतं, आरसीवर नोंदणी फेब्रुवारी २०१९ ची. दोन्ही डोळ्यांनी बघितलेलं, मग शंका कशाला? नियम असा आहे की १२५ सीसीच्या वरच्या आधीपासून बाजारात असलेल्या मॉडेलना एबीएस सक्तीचं झालं ते १ एप्रिल २०१९ पासून. फेब्रुवारीत नोंदलेली गाडी बिनएबीएसची असू शकते, आणि ही तशीच होती. ‘२०१९’ हे साल ऐकलं की एबीएस असणारच असं वाटतं, त्याचा त्याने फायदा घेतला. खरी एबीएस ओळखायला मेकॅनिक लागत नाही. पुढच्या चाकाच्या डिस्कच्या आतल्या बाजूला दुसरी छोटी, खाचा-भोकं पाडलेली रिंग असते, तिच्याजवळ सेन्सर आणि त्याची बारीक वायर वर गेलेली असते. चावी फिरवल्यावर मीटरमध्ये एबीएसचा दिवा लागतो आणि गाडी जराशी चालली की विझतो. दिवाच लागत नसेल तर एबीएस नाही, किंवा आहे पण बिघडलंय आणि बल्ब काढून ठेवलाय. स्टिकर तर कुठेही मिळतं.

सौदा बेचाळीस हजारांत ठरला. पाच हजार आधी यूपीआयने दिले, बाकीचे रोख. पावती मागितली तर “आपला वेव्हार तोंडी ऱ्हास भाऊ” म्हणाला. त्यातल्या त्यात बरं एवढंच की आधीचं सगळं बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर झालं होतं. ‘18000 किमी, ABS, सिंगल ओनर’ असं त्याने गाडीच्या फोटोसोबत स्वतःच्या हाताने पाठवलं होतं.

गावात गाडी छान चालली. धुळ्याच्या रस्त्याला सलग सत्तरने पळाली की मुकटीच्या पुढे मागून निळसर धूर दिसायचा. शेजारून जाणाऱ्या एका मोटारसायकलवाल्याने हाताने खूण केली तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, कारण आरशात आपला धूर कुठे दिसतो! जाड ऑइल लांबच्या पल्ल्यात तापून पातळ होतं आणि मग पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने वर चढून जळतं. डिपस्टिक काढून बघितली तर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली.

आमच्या ओळखीतले एक आप्पा आहेत, चाळीसेक वर्षं गाड्याच खोलतायत. त्यांनी हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवलं आणि पिस्टनच्या डोक्यावरची काजळी पुसली. खाली आकडा निघाला, ०.५०. म्हणजे या इंजिनाचं बोअर आधीच एकदा कातून अर्धा मिलिमीटर मोठं केलेलं, आणि त्यात बसवलेला ओव्हरसाइज पिस्टनही आता ओरखड्यांनी भरलेला. “पोरा,” आप्पा म्हणाले, “अठरा हजारमा कोणी बोअर करस का? हाई गाडी साठच्या वर गयेल शे.”

त्यानंतर त्यांनी चेनचं कव्हर काढून मागचं चाक फिरवलं. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा जाणकार आधी जनावराचं तोंड उघडतो, रंग आणि चाल नंतर बघतो. आप्पांनी तसंच चेन-स्प्रॉकेटचं केलं. चेन नवीकोरी, चकाकणारी, आणि स्प्रॉकेटचे दात एका बाजूला झुकलेले, टोकदार. चेन आणि स्प्रॉकेट सोबत बदलायचे असतात. नुसती चेन नवी असेल तर ती गिऱ्हाइकाला दाखवायला टाकलेली असते. मागच्या टायरच्या भिंतीवर चार आकडे होते, १५१८. म्हणजे २०१८ सालच्या पंधराव्या आठवड्यात बनलेला. सात वर्षांच्या टायरला इतकी खोल नक्षी कशी, तर ती गरम हत्याराने पुन्हा कोरलेली. त्या टायरवर मी ओझ्याच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमधून रात्रीचा यायचो. धुराचा राग होताच, टायरचा जास्त आला.

मीटरचं कोडं कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये सुटलं. चॅसिस नंबर दिला की तिथल्या कॉम्प्युटरवर त्या गाडीच्या सर्व्हिसिंगची नोंद निघते. गोड बोलून विचारलं तर सांगतात. शेवटची नोंद २०२२ ची, नाशिकची, रीडिंग ६१ हजारांच्या वर. म्हणजे मीटरचा अख्खा डबाच दुसऱ्या गाडीचा बसवलेला. आता आठवतं तसं, मीटरच्या काचेवर एक ओरखडा नव्हता, आणि बाजूचं प्लास्टिक उन्हाने पांढरं पडलं होतं. फूटरेस्टचं रबर गुळगुळीत, गिअर लिव्हरचं रबर तर निम्मं झिजलेलं. अठरा हजारांत एवढं होत नाही.

कागदांचं थोडक्यात सांगतो. आरसी नाशिकच्या माणसाच्या नावावर होती. त्याला शोधून फोन लावला. तो मास्तर नव्हता, कधीच नव्हता. त्याने गाडी २०२३ मध्ये एक्स्चेंजला दिली होती आणि तो स्वतःच वैतागलेला होता, कारण तिची ई-चलानं अजून त्याच्याच मोबाइलवर येत होती. मधल्या दोन वर्षांत गाडी किती हातांतून गेली ते कोणालाच ठाऊक नाही. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे सहीचे कोरे फॉर्म २९ आणि ३० मात्र हातोहात फिरत माझ्यापर्यंत पोचले. ‘सिंगल ओनर’ हे आरसीवर खरंच होतं, तेवढ्यापुरतंच. इन्शुरन्स ‘चालू’ असल्याचं सांगितलं होतं, झेरॉक्सवर तारखेची जागा पुसट. नवीन गाडीसोबत मिळालेली पाच वर्षांची थर्ड पार्टी पॉलिसी फेब्रुवारी २०२४ मध्येच संपली होती. एम-परिवहन अ‍ॅपमध्ये गाडीचा नंबर टाकला की हे मिनिटात दिसतं. विनाविमा पकडलं तर पहिल्या वेळी २००० रुपये दंड, तो परवडला. अपघात झाला असता तर समोरच्याची भरपाई आमच्या शेतावर आली असती. हाय सिक्युरिटी नंबर प्लेटसाठी त्याने वेगळे पैसे घेतले होते, त्याचं बुकिंगही कधी झालंच नाही.

एजंटकडे गेलो. चहा पाजला. “जुनी गाडी शे भाऊ. जुन्या गाडीले गॅरंटी ऱ्हास का?” गॅरंटी मी मागितलीच नव्हती. मी विचारत होतो की एकसष्ट हजारांचे अठरा हजार कोणी केले. त्यावर तो म्हणाला, त्यानेही अशीच घेतली होती. पोलीस ठाण्यात सांगितलं की हा तुमचा आपसातला व्यवहार, दिवाणीत जा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर फोन केला आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील असलाच पाहिजे असंही नाही, आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. माझ्याकडे पावती नव्हती, पण पाच हजारांच्या यूपीआयची नोंद होती, व्हॉट्सअ‍ॅपवरचा तो मेसेज होता आणि वर्कशॉपमधल्या नोंदीची प्रत होती. आणखी एक गोष्ट मला तिथेच समजली. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्याने आरटीओकडून अधिकृतता प्रमाणपत्र घ्यायचं असतं आणि आलेल्या-गेलेल्या प्रत्येक गाडीची नोंद ठेवायची असते. दुकानात शिरल्यावर पहिल्यांदा तेच मागा. मी ज्याच्याकडून घेतली त्याच्या भिंतीवर देवाचं कॅलेंडर होतं, बाकी काही नव्हतं.

माझ्या धाकट्या चुलतभावासाठी आता गाडी बघतोय, तेव्हा वेळ ठरवून जात नाही. सकाळी सातला, न सांगता. इंजिन गार असेल तरच पुढचं बोलणं. स्टार्ट केल्यावर एकाने सायलेन्सरमागे उभं राहायचं, दुसऱ्याने कान हेडजवळ न्यायचा. ट्रायल हायवेवर, निदान अर्धा तास, परत आल्यावर पुन्हा धूर बघायचा. “पेट्रोल नाही” म्हणाला तर आपलं टाकायचं. हँडल डावी-उजवीकडे हळू फिरवताना मध्ये अडखळलं तर कोनसेट, म्हणजे हँडलचे बेअरिंग, गेलेला. पुढचे शॉकअप दाबून सोडल्यावर नळीवर ऑइलचा पट्टा उमटला तर सील गेलेले. एवढ्यावर सौदा मोडायची गरज नाही, किंमत पाडता येते. चॅसिस नंबर लिहून घेऊन आधी वर्कशॉपला जायचं आणि मगच टोकन. एजंट घाई करणार, दुसरं गिऱ्हाईक चाळीसगावहून निघालंय म्हणणार. येऊ द्यावं.

आणि नवीन शंभर-सव्वाशेचा हिशोब एकदा कागदावर मांडा. मी घेतली तेव्हा दुचाकीवर २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांना तो १८ टक्के झालाय. माझ्या बेचाळीस हजारांवर बोअर, पिस्टन, हेडचं काम, चेन-स्प्रॉकेट, दोन टायर, विमा आणि नाव-बदल धरून आणखी एकोणीस हजार गेले. त्यात थोडी भर घातली असती तर वॉरंटीवाली नवी शंभर सीसी दारात आली असती.

आयोगाची नोटीस पोचल्यावर एजंटने मध्यस्थ पाठवून आठ हजार देऊ केले, तक्रार मागे घेण्याच्या अटीवर. घेतले नाहीत. पुढच्या तारखेला वर्कशॉपच्या नोंदीची साक्षांकित प्रत द्यायची आहे, तिच्यासाठी नाशिकला एक चक्कर मारावी लागणार. एसटीने जाईन.