स्पीड-फीडचं ॲप: हिशोब बरोबर, पण नेमकं एक विचारायचं राहिलंय

रत्नागिरीच्या मिरजोळे एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन), एक जुना लेथ. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे तेव्हा मिरकरवाड्याच्या बोटींची कामं येतात. पंपाची कव्हरं, फ्लँज, बुश. खाऱ्या पाण्यात टिकायचं म्हणून बरंचसं एसएस ३१६, म्हणजे सहजी न गंजणारं स्टेनलेस स्टील.

कटर मिनिटाला किती फेरे फिरवायचा, तो आरपीएम आधी वहीत काढायचो. कटिंग स्पीड गुणिले १०००, भागिले ३.१४ आणि कटरचा व्यास. ॲप तेच करतं. १० मिमीची चार दातांची कार्बाइड एंडमिल (बाजूनेही कापणारा कटर), कटिंग स्पीड मिनिटाला ६० मीटर, दर दाताला ०.०४ मिमी टाकलं की १९१० आरपीएम आणि ३०६ फीड, म्हणजे कटर मिनिटाला ३०६ मिमी पुढे सरकवायचा. वहीशी ताडून बघितलं, जुळतं. नेट लागत नाही हे बरं. पावसात आमच्याकडे रेंजचं काही खरं नसतं.

आता तक्रार. कव्हराच्या कडेला फिनिशिंगसाठी १ मिमी ठेवलं होतं. फीड ॲपचाच, ३०६. दुसऱ्याच कव्हराला ऑपरेटर म्हणाला, "दादा, आवाज ऐका जरा, किंचाळतंय." थांबवून बघतो तर एंडमिलचे चारही कोपरे गेलेले आणि जॉबची कड आरशासारखी चकाकतेय. कटर कापायचं सोडून घासत होता. ३१६ घासलं की वरचा थर कडक होतो आणि पुढचा दात त्यावरच आपटतो.

१० मिमीचा कटर बाजूने १ मिमीच आत असेल तर दाताला ०.०४ ची चिप मिळतच नाही, ०.०२४ ची मिळते. भरून काढायला फीड १.६७ पट हवा, म्हणजे ५१०. नवी एंडमिल लावून ५०० वर चालवलं, उरलेली सहा कव्हरं तिच्यावरच निघाली. ॲप व्यास विचारतं, दात विचारतं, मटेरियल विचारतं. कटर बाजूने किती आत, ते नाही. जाहिरातीला मात्र अर्धा स्क्रीन!

शिवाय अपडेटनंतर मीटरचं आपोआप फूट झालं होतं. ६० टाकले तर ५८२ आरपीएम. मी हसलो, पण नवीन पोरगा तेच मशीनला घालेल.

तीन स्टार. फोनमध्ये ठेवलंय. १० मिमीच्या कटरसाठी मशीनच्या दारावर कागद चिकटवलाय: साइड कट १ मिमी असेल तर फीड १.६७ पट, २ ला १.२५, ५ ला आहे तेवढाच.