जीसीसी की क्लँग: कंपायलर निवडण्याआधी परवाना बघा

सी++ चं काम हाती घेतलं की जीसीसी की क्लँग हा प्रश्न येतोच. आपल्या कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणारे हे दोन्ही कंपायलर फुकट, दोन्हींचा कोड उघडा, आणि तयार प्रोग्रामच्या वेगात बहुतेक वेळा एकोणीस-वीसचाच फरक. मग निवडायचं कशावरून? लोक बेंचमार्क काढून बसतात. मी म्हणेन, आधी परवाना बघा, कारण दोघांची घडण त्यावरूनच ठरली आहे.

जीसीसी १९८७ चं. रिचर्ड स्टॉलमन यांनी ते ग्नू या आपल्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पासाठी लिहिलं. आज त्याला जीपीएल हा परवाना लागू आहे: वापरा, बदला, पण बदललेलं दुसऱ्याला दिलंत तर त्याचा कोडही द्या. ही अट कागदावरची नाही, हे स्टीव्ह जॉब्ज यांच्या नेक्स्ट कंपनीला कळलं. ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेसाठी त्यांनी जीसीसीला एक भाग जोडला आणि तो बंद ठेवायचा घाट घातला. स्टॉलमन अडून बसले, कोड खुला करावा लागला. एका भाषेचा कंपायलर सगळ्यांचा झाला तो असा.

याच काटेकोरपणाची दुसरी बाजूही आहे. जीसीसीचे आतले टप्पे सुटे केले, तर कोणी अर्धं जीसीसी घेऊन पुढे आपला बंद माल जोडेल, ही स्टॉलमन यांची भीती. म्हणून ते एकसंध ठेवलं गेलं. प्लगइनची, म्हणजे बाहेरून भाग जोडायची, सोय आली ती थेट २०१० मध्ये, परवान्यातल्या सवलतीचे शब्द आधी नीट बांधून घेतल्यावर.

क्लँग एलएलव्हीएम या कंपायलर बनवण्याच्या पायावर उभं आहे. ते २००० मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात सुरू झालं. ख्रिस लॅटनर हे विद्यार्थी, विक्रम अडवे हे मार्गदर्शक. परवाना सैल: घ्या, बदला, बंद करून विका, हरकत नाही. गंमत म्हणजे २००५ मध्ये लॅटनर यांनी एलएलव्हीएम जीसीसीत आणण्याचा प्रस्ताव मांडला होता. स्टॉलमन यांच्या तो वाचनातच आला नाही. हे खुद्द स्टॉलमन यांनी २०१५ मध्ये सांगितलं! क्लँग मग ॲपलमध्ये वाढलं आणि २००७ मध्ये खुलं झालं.

एलएलव्हीएम पहिल्यापासून सुट्या लायब्ररींचं, म्हणजे हवे ते उचलून वापरता येणाऱ्या भागांचं, बनलेलं. म्हणून रस्ट, स्विफ्ट, ज्युलिया या भाषांना मशीन कोड काढणारा भाग स्वतः लिहावा लागला नाही. एडिटरमध्ये टाइप करतानाच चूक दाखवणारं क्लँगडी, कोड नीट मांडून देणारं क्लँग-फॉरमॅट ही अवजारंही त्याच लायब्ररींवर चालतात. नवी भाषा किंवा कोड तपासणारं अवजार बनवणार असाल तर फार विचार करू नका, एलएलव्हीएम घ्या.

मायक्रोकंट्रोलरचं, म्हणजे उपकरणांतल्या छोट्या चिपचं, काम असेल तर मात्र जीसीसी. आर्डुइनो उनो आर३ या बोर्डासाठी तुम्ही लिहिलेलं स्केच, म्हणजे प्रोग्राम, एव्हीआर चिपसाठीच्या जीसीसीतूनच जातं. जुनी, आडवाटेची प्रोसेसर सांभाळण्यात जीसीसीचा हात धरणारं कोणी नाही. एडा ही भाषाही त्याच्यासोबतच येते, आणि फोरट्रान भाषेसाठी मी अजून त्याच्यावरच विसंबतो. कंपायलरच्या पोटात शिरून शिकायचं असेल, तर मुंबई आयआयटीच्या जीसीसी रिसोर्स सेंटरने त्यावर खास कार्यशाळा घेतल्या आहेत; ते साहित्य पाहण्यासारखं आहे.

एक गैरसमज कंपन्यांमध्ये हमखास भेटतो: जीसीसीने कंपाइल केलं की आपला कोडही जीपीएलखाली जातो. तसं नाही. आपल्या प्रोग्रामला जोडल्या जाणाऱ्या त्याच्या रनटाइम लायब्ररींसाठी परवान्यात स्पष्ट सवलत आहे; बंद उत्पादन खुशाल बनवा. अडचण येते ती कंपायलरच बदलून आपल्या मालासोबत विकायचा असेल तेव्हा. तिथे क्लँगचा सैल अपाचे परवाना सोयीचा, आणि चिप बनवणाऱ्यांना तो का आवडतो हेही उघड आहे. त्यांनी केलेली सुधारणा आपल्यापर्यंत पोचेलच याची हमी मात्र तो देत नाही. मला ही किंमत मोठी वाटते.

चुकांचे संदेश हा पूर्वी क्लँगचा हुकमाचा एक्का होता. चूक नेमकी कुठे, ते खूण करून दाखवायचं. जीसीसीने तीच गोष्ट २०१३ च्या ४.८ आवृत्तीत आणली. मेमरीतल्या चुका पकडणारं ॲड्रेस सॅनिटायझरही त्याच आवृत्तीत आलं, तेही एलएलव्हीएमकडून. आता या मुद्द्यावर निवड करण्याचं कारण उरलेलं नाही.

लिनक्सवर सी++ लिहीत असाल तर एकच निवडू नका. एडिटरमागे क्लँगडी ठेवा, अंतिम बिल्ड जीसीसीने करा, आणि अधूनमधून सगळा कोड दोन्हींतून काढा. एकाला न दिसलेली चूक दुसऱ्याला दिसते.

मॅकवाल्यांनी मात्र आधी आवृत्ती विचारून बघावी. तिथे जीसीसी अशी कमांड दिली तरी चालतं ॲपलचं क्लँगच. खरं जीसीसी होमब्रू या सॉफ्टवेअर बसवणाऱ्या अवजाराने वेगळं घ्यावं लागतं आणि त्याच्या नावाला आवृत्तीचा आकडा जोडलेला असतो.